घागरीवर पुरं नाव

मपलं माहेर पिंगळीचं, टेशनाच्या मागं घर. बाप गूळ-मीठ इकायचा, आमी लिंगायत लोक, दुकानदारी घरातच. मला दिलं इकडं, बोरीच्या पुढं, जिंतूरच्या रोडाला. सासऱ्याचं भांड्याचं दुकान व्हतं, त्यायला समदे आप्पा म्हणायचे. लग्नाला चार वर्सं झाली न झाली तं मालक काविळीनं गेले. लेकरू न्हाई, बाळ न्हाई. आप्पाची नजर कमी झालती, मंग म्हणले, काशे, बस दुकानात. बसले. तवापासून बसलेलीच हाय, काय सांगू तुमाला.

बाईमाणूस गादीवर बसलेलं गावानं पाहिलंच नव्हतं. त्याच्यामुळं बघायला लय यायचे. बाजाराच्या दिशी तं उभं राहायला जागा न्हाई. परात उचलायची, बोटानं वाजवायची, कान लावायचा, बराबर हाय म्हणायचं, खाली ठिवायचं आन निघायचं. दिवसभर म्या भांडी वर चढवायची आन खाली उतरवायची. घेणारं एखादंच. आप्पा म्हणायचे, आलेलं माणूस रिकाम्या हातानं गेलं म्हंजे दोष दुकानदाराचा. पर काय दोष त्ये काई सांगत न्हवते.

म्या मपल्या परीनं लय करून पाहिलं. चिंचेनं घासून भांडी पुढं मांडली, प्यायला पाण्याचा रांजण ठिवला, बसायला पोतं हातरलं. मंग एका बाईनं इचारलं, कळशीवर नाव घालून मिळंल का? त्या टायमाला नाव घालायला जिंतूरला जावं लागायचं. म्या मालकाची छिन्नी-हातोडी काढली. जुन्या तांब्यावर गिरवून गिरवून शिकले, आंगठा कितीदा ठेचला त्याचा हिशोब न्हाई. मंग सांगितलं, भांडं घ्या, नाव फुकट. आन बाया यायला लागल्या बघा. लेकीच्या लग्नाची भांडी, त्याच्यावर लेकीचं नाव, आईबापाचं नाव. बाया शेजारी बसून बघायच्या, वाचता येत न्हाई तरी बोट फिरवायच्या. नाव पाहिलं की भांडं माघारी ठिवतच न्हाईत.

पर एक बाई कधीच घेत नव्हती. फुलाबाई, बौद्धवाड्यातली. नवरा येलदरीला धरणावर कामाला. दर बाजाराला यायची, पायरीच्या खाली उभी राहायची, एक पितळाची घागर व्हती ती बघायची आन जायची. असं दोन-चार महिने. एक दिवस आप्पा जेवायला गेलते, म्या म्हणलं, कामून घेत न्हाई बाई, पसंत न्हाई का? तं म्हणली, पसंत हाय अक्का. पर आमी हात लावला की आप्पा भांडं पाण्यातून काढत्यात. आमच्या डोळ्यापुढं धुत्यात. ती घागर घरी नेऊन पाणी कसं गोड लागंल? आमच्या बाया सगळ्या जिंतूरला जात्यात, पाय तुटले तरी.

आमच्या धर्मात शिवाशिव न्हाई म्हणत्यात, गळ्यात लिंग घालतो आमी. आन त्ये धुतलेलं भांडं कितीदा तरी म्याच पुसून फळीवर ठिवलं व्हतं.

म्या म्हणलं, वर ये. ती चढली. घागर तुज्याच हातानं काढ म्हणलं. मंग म्हणली, अक्का, नाव पुरं घालचाल का? गाव मला फुली म्हणतंय. फुलाबाई किसन घाला. म्या घातलं. तेवढ्यात आप्पा आले. पायरीवरच थांबले, बघितलं, आन तसेच माघारी फिरले.

त्येच दिवस इद्यापीठाच्या नामांतराचे व्हते. गावोगाव पेटलं व्हतं, माणसं एकमेकाकडं बघायला भ्यायची. तिसऱ्या दिशी इठ्ठलराव आले, आमच्या मालकाचे दोस्त, मोठे शेतकरी. वहिनी, ह्ये बरं न्हाई, म्हणले. ज्या छिन्नीनं त्यायची नावं घालता, त्याच छिन्नीनं आमच्या लेकीबाळीची घालता का? म्या म्हणलं, भाऊजी, छिन्नी एकच हाय. ते म्हणले, मंग आमी येणार न्हाई. आन न्हाई आले. कुणीच न्हाई आलं. रोडानं जायचे, तोंड तिकडं करून. रातीतून कुणी पायरीवर शेण टाकलं, म्या सकाळी उठून धुतली आन दुकान उघडलं. आप्पा तं दुकानात यायचेच बंद झाले. घरी ताट वाढलं की म्हणायचे, ठिव तिथं. शेवटापर्यंत मपल्याशी सरळ बोलले न्हाईत. मरताना पाणी मात्र मपल्याच हातचं पिले.

फुलाबाई वाड्यातल्या बायायला घेऊन यायची. पर त्यायची ऐपत ती किती, एखादं जर्मनचं पातेलं, एखादा तांब्या. पितळ भरायचं बंद केलं म्या. दीड-दोन वर्सं अशी काढली, एक टाईम भाकर खाऊन. मंग इठ्ठलरावाच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं. त्यायच्या बायकू आल्या, इकडं तिकडं बघितलं, म्हणल्या, काशीबाई, जिंतूरचा त्यो नाव लय वाकडं घालतोय. म्या छिन्नी घेतली. एक आली मंग समद्या आल्या. माफी न्हाई, काई न्हाई. जसं काई झालंच न्हवतं.

मला बी राग यायला पायजे व्हता. पर माणूस दमतंय हो. रागाला बी ताकद लागती.

यंदा, सोळा वर्सांनी, इद्यापीठाचं नामांतर झालं. फुलाबाई साखर घेऊन आली, केस पांढरे झालेत तिचे. तोंडात घातली मपल्या, आन रडायलीच. म्या बी रडले, कशापायी त्ये मला नीट सांगता यायचं न्हाई.

आता परभणीवरून मशीन घेऊन पोरं येत्यात, घडीभरात नाव घालत्यात. मपल्या डोळ्याला दिसत न्हाई, गुडघे उठू देत न्हाईत. स्टीलची चार भांडी ठिवून बसते. दुकान इकून टाक म्हणत्यात लोक. टाकंल कधीतरी. तुमी एवढ्या लांबून आले, इचारलं, बरं वाटलं. च्या घ्या. सुखात राहा, पोराबाळायला औक्ष मिळू द्या.