चौथी नळी

आता मला सांगा, एकवीस वर्सं जो वास माझ्या हाताला हाय, तोच वास परक्या बाईच्या हाताला आला, तर माणूस विचारणार न्हाई का? ...हसायलाव काय! परकी बाई म्हणजे डॉक्टर हो! दाताची डॉक्टर, ऋतिका मॅडम, परभणीत बसस्टँडच्या मागं दवाखाना हाय, माझ्या पोरीच्या वयाची हाय ती! आणि मी पंडित, ग्रामपंचायतीचा पाणीवाला. गाव कोणतं ते विचारू नका, पेडगावच्या पुढं हाय एवढंच सांगतो, नाव कामून सांगत न्हाई ते पुढं कळंलच. तर रोज सकाळी टाकीवर चढायचं, बादलीत ब्लिचिंग पावडर कालवायची, टाकीत सोडायची, अर्धा तास थांबायचं, मग नळ सोडायचे. त्या पावडरचा वास, तुमाला सांगतो, साबणानं जात न्हाई, अत्तरानं जात न्हाई. बायको म्हणती, "तुमी नंतर येता, आधी तुमची टाकी येती घरात!"

तर दाढ. उजवीकडली, वरची. डावीकडल्या दोन आधीच काढून बसलेलो, तवा कोण सांगणार की वाचवता येतेत म्हणून? दुखली की उपट, हेच माहीत. आता चावायला ही एकच कामाची राहिलेली. ही गेली की कडक भाकर खलास, हुरडा खलास, भुईमुगाच्या शेंगा खलास, दुधात कुस्करून गिळा म्हाताऱ्यावानी! वय काय माझं? त्रेपन्न! मग माणूस घाबरणार न्हाई का?

मॅडम म्हणल्या, "काका, घाबरू नका. दाढेच्या मुळात बारीक नळ्या असतात. तुमच्या नळ्यांमधली नस सडलीय, जंतू झालेत. आपण दाढ काढायची नाही, नळ्या साफ करायच्या."

नळ्या! अहो, नळ्या म्हणल्यावर मी त्या खुर्चीत उठूनच बसलो की! म्हणलं, "किती इंची?"

"इंची कुठली काका, केसाएवढ्या!"

"लांबी?"

"वीस-एकवीस मिलिमीटर."

"पण दाढ तर वरची, मुळं वर गेलेली. म्हणजे पाणी वर चढवायचं? मोटर केवढी लावता?"

मॅडमनं इंजेक्शनच दिलं हो! प्रश्न विचारला म्हणून असं इंजेक्शन देतेत का कुठं? तोंडावर निळं रबर ताणलं, दाढ तेवढी भोकातून बाहेर, बाकी सगळं तोंड बंद. माझ्यासारख्या माणसाचं तोंड बंद! मग रंगीबेरंगी मुठीच्या बारीक सुया घालायल्या आत, एक काढ, दुसरी घाल, आणि एक डबी टीं... टीं... टीं करायली. मॅडम म्हणल्या, "हे वाजलं की समजायचं सुई मुळाच्या टोकाला पोचली." काय अक्कल बघा! आमच्या पाइपलाइनला असली डबी असती तर निम्म्या गावाचे रस्ते उकरावे लागले नसते.

आणि मग मॅडमनं ती सिरिंज भरली... आणि आला वास! माझा वास! एकवीस वर्सांचा! मी रबराच्या आडून ओरडलो, "आआ आआआ!" मॅडम घाबरल्या, "दुखतंय का काका?" दुखतंय कुठलं! मी हातानं लिहायची खूण केली. त्यांनी पेन दिला, एक्सरेचा लिफाफा दिला. मी लिहिलं, "ब्लिचिंग?"

तर ती हसायली! "हो काका, त्याच घरातलं आहे. पण हे दवाखान्यातलं, मोजूनमापून. तुमचं टाकीतलं नका घालू तोंडात! यानं जंतू मरतात आणि सडलेलं विरघळतं."

लिहिलं, "किती वेळ?"

"अर्धा तास. मधून मधून बदलत राहायचं."

अर्धा तास! आमच्यावानीच! मला तर वाटलं, ही बाई आपल्याच खात्यातली. मग मी शेवटचा प्रश्न लिहिला, मोठ्या अक्षरात लिहिला, "शेवटापर्यंत पोचतंय का?"

मॅडमचा हात थांबला बघा. म्हणल्या, "काका, खरा प्रश्न हाच आहे. टोकाला हवा अडकते, मग औषध पुढं जात नाही. शिवाय मधे बारक्या आडव्या वाटा असतात. म्हणून ही थरथरणारी तार घालून औषध आत हलवायचं." हवा अडकती! अहो, उन्हाळ्यात आमच्या लाइनीत न्हाई का हवा धरत? नळ नुसता फुसफुस करतो, पाणी टिपूस न्हाई! तेच की! दाढ म्हणजे गावच की हो एक!

शेवटी आत एक पांढरं औषध भरलं. रबर निघाल्यावर विचारलं काय, तर म्हणे, "यात चुनाच असतो काका." म्हणलं, चुना तर मी तीस वर्सं लावायलोय तोंडात! म्हणल्या, "तो तंबाखूला. म्हणून तर इथं आलात."

खिशातली चुन्याची डबी अजून आत ढकलली.

आठ दिवसांनी बोलावलेलं. चार दिवस झ्याक गेले, पाचव्या दिवशी घास चावला की टणकन् कळ! परत गेलो. मॅडमनं टकटक वाजवून बघितलं, कपाळाला आठी. "काका, तीन नळ्या साफ केल्यात. मला वाटतं चौथी असणार."

"चौथी? अहो तुमीच तर तीन मोजल्या!"

"वरच्या दाढेला पुष्कळदा चौथी असते, दडलेली. सहज दिसतं तेवढंच साफ केलं की ती राहून जाते. एक जरी राहिली तरी जंतू तिथून परत येतात. शोधते. पण स्पष्ट सांगते, नाही सापडली तर दाढ काढावी लागेल."

भाकर आली की हो डोळ्यापुढं! पण तुमाला खरं सांगतो, भाकरीच्या मागं आणखी एक चेहरा आला. गोजरबाईचा.

गोजरमावशी म्हणजे आमच्या गावच्या शेवटच्या नळाची म्हातारी. ओढ्यापलीकडं सात घरं, त्यातलं टोकाचं तिचं. आता आमची तपासणी कशी असती? नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की पावडर पोचली, पास. फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, साहेब 'झकास' म्हणून अंगठ्याचं चित्र टाकतेत. आणि पाणी मी कोणत्या नळाचं घेतो? ...टाकीखालच्या! पंचायतीच्या दारातल्या! तिथं पिवळं धम्मक येणार न्हाई तर काय होणार? ओढ्यापलीकडं कोण जातो चिखलातून? गोजरमावशी वर्सानुवर्सं सांगायली, "पंडित, आमच्याकडं तुज्या पावडरीचा वास येत न्हाई रं." आणि मी शहाणा काय म्हणायचो? "नशीबवान हायस मावशी, बाकीचे वासापायी मला शिव्या देतेत!" तिच्या नातवाचं, सुगतचं, पोट दर पावसाळ्यात बिघडायचं. मी म्हणायचो, बोरं खात असंल. बोरं! पावसाळ्यात!

सहज दिसतं तेवढंच साफ केलं... ती पोरगी दाढेचं बोलली हो, पण मला कुठं लागलं ते मलाच माहीत.

मॅडमनं भिंगाचा चष्मा लावला. पाऊण तास खरवडायल्या. आणि मग... टीं टीं टीं! "सापडली काका!" मी रबराच्या आत रडलो की हसलो, काय की, सगळं बधिरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेची नळी घेऊन ओढा ओलांडला. शेवटचा नळ. थेंब टाकले. बघतो, बघतो, बघतो... पाणी जसंच्या तसं. जराबी पिवळं न्हाई. लाज वाटली. म्हणलं, एकवीस वर्सं तू पास हायस पंडित?

गोजरमावशी दारात उभी. "आज हिकडं कसा रं?"

सांगितलं सगळं. दाढ, नळ्या, चौथी.

म्हणली, "मी बोंबलले तवा न्हाई आलास. दाढ ठणकली तवा आलास व्हय."

तसाच पाना घेतला. लाइनीचं टोक उघडलं, काळा गाळ निघाला बादलीभर. हवा काढली, लाइन धुतली, पावडरचं माप नीट केलं, रोज तिथं जाऊन थेंब टाकायलो. तिसऱ्या दिवशी आलं हो पिवळं! फिक्कं, पण पिवळं! तिकडं दाढेत मसाला भरला, टोपी बसली, घरी येऊन कडक भाकर मोडली, कडाकडा चावली. दुखलं न्हाई. वाटलं, जितलं आपण! शेवटापर्यंत पोचलं!

आणि आज सकाळी, पंचायत उघडायच्या आत, काठी टेकत, हातात तांब्या, ओढा ओलांडून गोजरमावशी हजर! "पंडित! मुडद्या! पाण्याला कसला वास मारायलाय रं? काय कालवलास? सगळा चहा नासला माझा!"

आता मला सांगा, माणूस काय करणार? हात जोडले. म्हणलं, "मावशी, शेवटापर्यंत पोचलं बघ... आता तू तेवढी रोज इथपर्यंत पोचू नको!"