एकाच जागी, का दर बारीला नव्या जागी

न्हाय, ती न्हाय आत्ता. आठव्या गल्लीत दवाखान्यात गेलीया, एक्स-रेच्या मशीनचा कॉम्प्युटर बंद पडलाय तिथला. कवा यील सांगता येत न्हाय. पण दुकान उघडं हाय की, पावणं, आणि मी बसलोय की हितं. बोर्ड वाचला न्हाय का येताना? ‘नबी कॉम्प्युटर्स’. नबी म्हंजे मी, नबीलाल. जरीना माझी बायको. ती काय आभाळातनं शिकून आली न्हाय, ह्याच टेबलाशेजारी बसून शिकलीया, माझं बघून. ठेवा त्यो सीपीयू हितं. ठेवा की. किती वेळ मांडीवर घेऊन बसणार?

नाव काय म्हणालात? वृषभ. नेसरीचं. म्हंजे गडहिंग्लजपतोर एक एसटी, तितनं दुसरी, आणि हे धूड सगळ्या वाटंनं मांडीवर — बायकोच्या मशीनसाठी. व्हय व्हय, ऐकलं मी, भरतकामाचं मशीन हाय, शाळंच्या ड्रेसावर नावं काढायची, दीडशे ड्रेस अडकलेत, सोमवारी द्यायचेत. आणि त्या मशीनचा प्रोग्राम जुन्या विंडोजवरच चालतोय, नव्यावर न्हाय, म्हणून डिस्क घालून जुनंच टाकायला लागतंय. आणि डिस्क वाचतच न्हाय. हेच न्हवं? मग ह्यात जरीनाच कशाला पायजे? हे तर मी झोपंत करीन. बसा. त्या स्टुलावर नगो, त्यो तिचा हाय — न्हाय, बसा, बसा, मी आपलं सवयीनं बोललो. सगळीच उठून उभी ऱ्हात्यात ती आली की, म्हणून.

हं. चालू केलं. डिस्क घातली. आता हे बघा, स्क्रीनवर टक्के येत्यात, फायली किती उतरल्या त्याचं. गडहिंग्लजातलं दुरुस्तीवालं काय म्हणालं? ड्राइव्ह गेलाय. दोन दिस ठेवून घेतलं आणि ड्राइव्ह गेलाय म्हणालं. असं कुणीबी म्हणतंय. पैल्यांदा डिस्क भाईर काढून बघायची असती — तिरकी धरून, उजेडात — हे बघा, हितं ओरखडा हाय केसाएवढा. मऊ फडक्यानं पुसायची, मधनं कडंकडं, सरळ. गोल गोल पुसली की मेली. हां, घातली परत, चालू केलं. हे मी शिकवलंय जरीनाला. तिला इचारा, कबूल करती का बघा. … करती. करती ती कबूल, त्योच तर वांदा हाय. चारचौघात सांगती, ‘हे मला ह्यांनी दाखवलं’ म्हणून, आणि मग लोक माझ्याकडं बघून हसत्यात, म्हाताऱ्या मास्तरकडं बघितल्यागत.

अडकलं. ‘फाईल वाचता येत न्हाय.’ दिसतंय मला, वाचून दाखवू नगा. एक्केचाळीस टक्क्यावर. काय झालं मग, पैलीच बारी हाय. आता ड्राइव्हचं भिंग साफ करू — कापसाच्या बोळ्यानं, हळू. धूळ बसती, नेसरीत तर रस्त्याचं काम चाललंय म्हणं, धूळ असणारच. — तुमची बायको काय म्हणती हो, तुमी असं तिचं मशीन घेऊन फिरताय त्याला? न्हाय, सहज इचारतोय. धंदा तिचा न्हवं? बोर्डावर नाव कुणाचं हाय? … ‘अपूर्वा भरतकाम’. आणि तुमाला काय वाटत न्हाय. न्हाय म्हंजे, लोक काय म्हणत न्हाईत, वृषभचा कारखाना असं? ‘अपूर्वाचा नवरा’ म्हणत्यात. आणि तुमी हसून सांगताय. असू दे. एकेकाचा सोभाव.

अठ्ठावन्न. बघा, पुढं गेलं की न्हाय? भिंग पुसल्याचा परिणाम. … अडकलं व्हय. अडकू दे. ड्राइव्हच बदलतो, हा माझा चालू ड्राइव्ह हाय, काल वापरलाय. केबलपण बदलतो, कधी कधी केबल सैल असती आणि माणूस उगंच ड्राइव्हला शिव्या देतंय. आणि डिस्कबी माझी घालतो, मी स्वतः कमी वेगात लिहिलेली, घाईत लिहिली की डिस्क अर्धवट ऱ्हाती. म्हंजे आता डिस्क नवी, ड्राइव्ह नवा, केबल नवी. आता कुठं जातंय बघू.

ह्या दुकानाला वीस वर्सं झाली. पैली बारा वर्सं जरीना फकस्त डबा घेऊन यायची. मी जेवस्तवर काउंटरवर बसायची, आणि वही काढून लिहीत बसायची कायतरी. मला वाटायचं घरचं सामान लिहिती. तर एकदा डॉक्टरांचा कॉम्प्युटर आला, तुमच्यासारखंच दुखणं. तीन दिवस मी झगडत होतो. ड्राइव्ह बदलला, डिस्का बदलल्या, हार्ड डिस्क तपासली, अगदी हैराण. डॉक्टर सोता येऊन बसलेलं, हितंच, तुमी बसलाय तितं. आणि जरीना डब्याचं झाकण लावता लावता म्हणती, ‘अहो, ते एकाच जागी अडतंय, का दर बारीला नव्या जागी?’ मी म्हणलं, गप बस. तिनं वही उघडली. तीन दिवसांतलं टक्के लिहून ठेवल्यालं, ओळीनं. सतरा, त्रेसष्ट, बावीस, पन्नास. म्हणाली, डिस्क खराब असती तर एकाच ओरखड्यावर अडलं असतं. हे रोज नव्या जागी अडतंय म्हंजे डिस्कवरनं चांगलंच येतंय, पण मधी जितं ठेवतंय तितं नासतंय. रॅम. एक पट्टी काढली तिनं, अशी, अंगठ्यानं, बांगडीचा आवाज न करता. आणि झालं. विसाव्या मिनिटाला झालं. डॉक्टर म्हणालं, नबीलालभाई, गुरू घरातच हाय की तुमचा. सगळी हसली. मीबी हसलो. मला अजून कळत न्हाय मी का हसलो.

तवापासनं हे असं. ‘भाभी हायत का?’ फोन उचलला की पैला शब्द. मी म्हणलं, काय काम हाय सांगा, तर म्हणत्यात, न्हाय, भाभी आल्यावर करतो. माझ्याच दुकानात मी निरोप्या झालोय. आणि ती कधी म्हणत न्हाय बघा, ‘मी म्हणलंतं न्हवं?’ असं. म्हणाली असती तर भांडलो असतो, मोकळा झालो असतो. नुसती स्क्रू लावती, माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर देती आणि म्हणती, ‘तुमीच बंद करा’. गिऱ्हाइकाला वाटावं मीच केलं म्हणून. ते मला लई लागतंय. दया केल्यागत.

तेहतीस. … बघितलं मी. एक्केचाळीस, अठ्ठावन्न, तेहतीस. मला मोजता येतंय, पावणं. तोंड असं करू नगा. मला म्हाईत हाय हे काय हाय ते. ड्राइव्ह बदलतानाच म्हाईत होतं. पण तिच्या वहीतलं वाक्य तोंडातनं काढायचं म्हंजे — असू दे. पेन ड्राइव्ह लावून बघू? तुमचं मशीन पेन ड्राइव्ह ओळखतच न्हाय, लई जुनं हाय. मग काय.

काढतो पट्टी. दोन हायत. ही पैली काढली. खोडरबरनं तिचं पाय घासतो, तांबं काळं पडल्यालं असतंय. दुसरी काढून ही एकटीच लावून बघू… सव्वीसला अडलं. म्हंजे हीच पट्टी नासकी. ही बाजूला. आता एकट्या दुसरीवर. चालू द्या. बसा. पाणी घ्या.

चाळीस. एक्केचाळीस. … गेलं पुढं. बोलू नगा, बघू दे.

तुमाला एक सांगतो, तुमी काय परत भेटणार न्हाय म्हणून सांगतो. आठ दिसांमागं फोन आलता, दुकानाच्या फोनवर. अनुजा म्हणून एक बाई हायत, संस्था चालवत्यात. कळंब्याच्या जेलात बायकांना कॉम्प्युटर दुरुस्ती शिकवायचा वर्ग काढायचाय, सुटून आल्यावर हाताला काम असावं म्हणून. आठवड्यातनं दोन दिस. म्हणाल्या, डॉक्टरांनी जरीनाबाईंचं नाव दिलंय. मी म्हणलं, मी येतो की शिकवायला, वीस वर्सांचा अनुभव हाय. तर म्हणाल्या, बायकांचा विभाग हाय, बाईच पायजे. आणि आमाला त्याच पायजेत. त्याच. मी म्हणलं, तिला जमायचं न्हाय. घर, दुकान, तिला बोलायची सवय न्हाय चार माणसांत. बोलायची सवय न्हाय — जरीनाला. त्या म्हणाल्या, निदान इचारा त्यांना, बुधवारपतोर कळवा, न्हायतर दुसरं कुणी बघायला लागंल.

न्हाय, इचारलं न्हाय. रोज रात्री ताटावर बसलं की तोंडापतोर येतंय. आणि मग ती दिवसभराचं सांगत असती, आज अमक्याचं मशीन असं होतं, तमक्याचं तसं, आणि मला इचारती, ‘तुमाला काय वाटतं?’ खरंच इचारती. आणि मी मुद्दाम चुकीचं सांगतो कधी कधी. करून बघती बिचारी.

आज वार कुठला म्हणताय? मला म्हाईत हाय आज बुधवार हाय. कॅलेंडर माझ्याच डोक्यावर लटकतंय.

अठ्ठ्याऐंशी. झालंच तुमचं. सोमवारचं ड्रेस हुत्याल. घरी जाऊन अपूर्वाला सांगा, ड्राइव्ह साफ केला, डिस्क बदलली. एवढंच सांगा. रॅमचं कशाला सांगताय, तिला काय कळणार — न्हाय, तिला कळंल. ती तुमच्यापेक्षा जास्त वळखत असंल ह्या मशीनला. काय सांगायचं ते सांगा.

शंभर. हे बघा, निळी स्क्रीन, नाव इचारतंय. काय नाव घालू? … ‘अपूर्वा’. मला वाटलंच. घातलं.

तुमचा फोन वाजतोय. उचला की. … ‘जरीनाभाभी’ म्हणून सेव्ह केलंय. एसटीतनं तुमी लावलाता, व्हय, आणि ती दवाखान्यात होती, आता मोकळी झाली असंल. उचलू नगा. — न्हाय, उचला. थांबा. तुमी काय सांगणार हाय तिला? मशीनचंच न्हवं? दुसरं काय न्हाय न्हवं? … असं बघू नगा माझ्याकडं. तुमचं तोंड सांगतंय तुमी काय करणार ते. नेसरीपासनं बायकोचं ओझं मांडीवर घेऊन येणारा माणूस तुमी, तुमाला गप बसवणार न्हाय.

द्या हिकडं. माझ्याकडं द्या म्हणतोय.

हां, जरीना. मीच हाय. त्यांचा फोन माझ्या हातात हाय. … झालं त्यांचं. … न्हाय, डिस्क न्हवती. रॅम होती. दर बारीला नव्या जागी अडत होतं. … व्हय, मीच काढली पट्टी. … न्हाय, त्यासाठी न्हाय उचलला. तू दवाखान्यातनं निघालीस का? चालत हायस? मग जरा कडंला थांब. एक सांगायचं हाय, आठ दिसांमागचं. … घाबरू नगो, कुणाला काय झालं न्हाय.

वृषभराव, तुमी तेवढं भाईर जाऊन थांबा. सीपीयू घेऊन जा संगं. आणि जाताना दार ओढून घ्या.