कान तुटल्या कपातला चहा

नाई, नाई, त्या कपाले हात नको लावू, दिपाली — कान तुटला त्याचा, दिसत नाई का? तो नत्थूचा हाये, हत्तीपायवाल्याचा. हा घे तू, हा चांगला. धुते मी दोन्ही, पन तो अलग धुते, मागं नालीजवळ, राखेनं. काऊन म्हनजे? किळस येते मले, सरळ सांगते. मुसळावानी पाय, त्याच्यावर माशा, अन येऊन बसन माह्याच बाकड्यावर — सुलोचनाबाई, एक चहा द्या! मंग मी त्याचं बाकडंच मागं नेलं, नालीच्या कडेले. हासू नको वो. तू कालेजातली, तुले काय — मले सेलूच्या ष्ट्यांडावर गिऱ्हाईक सांभाळा लागते.

तुही ती रक्त तपासाची डबी थोडी इकडं सरकव, टेबल ओला हाये. पह्यले तुमचे दवाखान्याचे लोकं रक्त घ्याले रातच्याले दारं ठोकत — हत्तीपायाचे जंतं रातीच रक्तात हिंडतेत म्हने. आता दिवसाढवळ्या! डबीतल्या पट्टीवर सोन्याची भुकटी, डोळ्याले न दिसनारी, अन जंताचा तो डीएनए आला का तिथं चिकटते अन करंट बदलते — असंच सांगतलं ना तू? घ्या! माह्या गळ्यात सोनं नाई, अन किड्याले सोन्याची गादी.

हो, हो, बोलावलं मीच. दुर्गेशपाई — पोट्ट्यापाई बोलावलं. केळझरची अंजू पाहाले गेलतो आमी. आता आमच्याकडं सून करा लागली तं तोंड मागून, पाय पह्यले. परातीत पाय ठेवाले लावले तिले, पानी टाकलं, अन पुसाच्या निमितानं नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला! घोटा सुजेल! पोहे तसेच ठेवले, पान्याले हात नाई लावला अन उठली. तिची माय मागं मागं आली दारापर्यंत — बाई, विहिरीवर घसरली वो ते, मुरगळला पाय — हूं! सगळ्याइचेच मुरगळतेत. पन हा पोट्टा ऐकन तं! करीन तं अंजूच. म्हने, माय, आपलं ठेवावं झाकून अन दुसऱ्याचं पाहावं वाकून, असं हाये तुह्यं — अंजूले हे मशीन लावू दे. रक्त साफ निंघालं तं तूच जाशीन केळझरले, तूच सोयरीक जोडशीन. जाईन म्हनलं! अन आमचंबी घ्या म्हनलं, माह्यं अन दुर्गेशचं — पाहू दे त्याइले, साफ घर कसं असते ते.

केळझरले जाऊन घेतलं तू, ते अंजूचं साफ. ऐकलं मी, बहिरी नाई. दुर्गेशचं साफ. झालं ना मंग — बंद कर. माह्यी पट्टी काऊन लावून राह्यली परत? … तोच आकडा? खराब असन तुही डबी! नवीनच हाये, तूच म्हनली, रातच्या रक्तानं पक्कं करा लागन — मंग? हे पाह्य, लुगडं वर करते, दाब अंगठा, दाब! पडला खड्डा? नाई ना! … पाय न सुजताबी? अन नत्थू? … त्याच्या रक्तात नाईच? ते मेले, पाय तेवढा राह्यला? अन माह्यात जित्ते — हिंडून राह्यले — आताबी? छी! छी छी. नको सांगू. अंगावर काहीतरी वळवळून राह्यलं पाह्य.

डास? असनच डास. भांड्याचं पानी कुठं जाईन मंग? नालीतच जाते, अन ते तुंबेलच हाये — मीच टाकते, राख बी तिथंच. मले चावला तो मंग दुर्गेशले चावन … अन उद्या ते पोट्टी आली घरात, तं तिले. माह्यापासून. गोळ्या हायेत ना? खाईन. सगळ्या खाईन. पन पोट्ट्याले नको सांगू वो — केळझरले तं नकोच. मले जा लागन तिथं, जबान देल्ली. अन त्याइनं माह्यासमोर पोहे ठेवले अन मीच … का ते माह्या घरी आले तं माह्या हातचं पानी ठेवतीन तसंच, जसं मी ठेवलं?

तुहा चहा थंडा झाला. साय धरली वरतून. काऊन नाई पेली? माह्या हातचा म्हनून? खरं सांग, किळस आली ना — येतेच. मले नाई का येत. ठेव तो कप, फेकते मी नालीत … नाई, नालीत नाई … अवं, हे काय करून राह्यली? त्या कपात काऊन ओतते? नत्थूचा हाये तो — दिपाली — नको ना —

पेली तू.

जा तू आता. उचल ते डबी, वर्ध्याची गाडी लागली. अन जाता जाता कंट्रोलरले विचारजो, केळझरची कवा सुटते म्हना. पाहू नको माह्याकडं. जा.