लांडग्याचं कडवं

हुकूमशाहीतल्या रोमानियात, तिमिशोआरा शहरात, दुधाच्या रांगेत ओल्टेआच्या पुढे दोघी बोलत होत्या.

"वेतुरियाकाकू, तुमच्या लेकाच्या बँडचं गाणं सेन्सॉरनं कापलं म्हणे?"

"एकच कडवं, लांडग्याचं. म्हणाले, हा लांडगा कोण ते कळतं आम्हाला."

"मग?"

"मग काय, कडव्याच्या जागी पोरानं नुसती लाकडी फळी बडवली, मठात प्रार्थनेला बोलवायला बडवतात तशी. अन् अख्खं सभागृह तेच कडवं गायला लागलं. माझी आजी मेंढरं राखताना गायची ते. इथं कुणाला पाठ नाही?"

"बंदी घातली बँडवर तर?"

"फळीत शब्द कुठंय? कापणार काय, कप्पाळ?"

"हळू बोला, मागची ऐकतेय."

"ऐकू दे. येत नसेल तर शिकवते तिला."

ओल्टेआच्या बोटांनी रिकाम्या बाटलीवर केव्हाच ठेका धरला होता.