उंदरिणीला कमी लागतं

नाही, पण मला सांगा, एखादीला लवकर बरं वाटलं तर हा काय तिचा गुन्हा झाला? ताप लवकर उतरला तर आपण देवाला नारळ फोडतो ना? मग उदासी लवकर उतरली तर माणसांची तोंडं का वाकडी होतात?... तुम्हाला सांगते, आमच्या दिपालीचं हेच चुकलं. ती लवकर बरी झाली!

दिपाली म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिची आणि किरणभाऊजींची एवढीशी पोरगी डेंग्यूत गेली, आणि दोघंही बसली ती बसलीच. भाऊजी इथे गुजरातेत, उधन्याला लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात कामाला, ते जाईनात. ही गॅससमोर उभी, दूध उतू चाललंय, आणि ही नुसती बघतेय! रडणं नाही, बोलणं नाही, भिंत बरी. दोघांच्या गोळ्या करून झाल्या, फरक शून्य. शेवटी डॉक्टर म्हणाले, एक औषध आहे, मूळचं भुलीचं, पण अगदी थोडं सलाइनमधून सोडलं तर काहींना त्याच दिवशी बरं वाटतं. मात्र टिकत नाही हां, आठवड्यातून दोनदा, असं काही आठवडे यावं लागेल, आणि दर वेळी बरोबर घरचं माणूस पाहिजे.

गेलो. शेजारी शेजारी दोन कॉट, मध्ये पडदा, दोघांना सारखीच बाटली. भाऊजींना छत खाली येताना दिसलं, उलट्या झाल्या, आणि घरी आल्यावर पुन्हा भिंतीकडे तोंड. आणि दिपाली? संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला म्हणते, "ताई, भूक लागली हो." अहो, मी लगेच तवा ठेवला! दोन भाकरी खाल्ल्या तिनं, आणि मग पोरीचा फ्रॉक छातीशी धरून अशी रडली, अशी रडली... मी म्हटलं, सुटली बाई.

पण सासूबाई! त्या चिडल्या की थेट अहिराणीवर येतात. "मन्हा पोऱ्यानी बाटली इले दिधी!" म्हणजे माझ्या पोराची बाटली हिला दिली! दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन नर्सला धरलं. ती बिचारी गुजराती, सांगतेय, "बा, बेउनी बाटली एकज छे!" दोघांची बाटली एकच आहे म्हणून, पण ऐकतं कोण? मग डॉक्टर बाहेर आले. भला माणूस, फक्त समजावून सांगायची खोड. म्हणाले, "माँजी, बाटली बदललेली नाही. उंदरांवर प्रयोग झालेत. काही प्रयोगांत माद्यांना नरांपेक्षा कमी डोसमध्ये फरक दिसला. पण माणसांचं अजून पक्कं नाही, ज्याचं त्याचं वेगळं असतं. तेव्हा दोघांनाही आणत राहा."

आता एवढ्या मोठ्या बोलण्यातलं सासूबाईंनी काय उचललं असेल? शेवटचं? छे! "म्हणजे बाईला कमी लागतं! मी म्हणतच होते, बाईचं थोडक्यात भागतं!"

झालं! दिपाली दुसरी भाकरी घ्यायला गेली की, "पुरे गं, बाईचं थोडक्यात भागतं." चहा अर्धा कप. आमचे हे, सुरेशराव, सचिन गावच्या जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, सुपरवायझर, शिकलेले, तेही पाय पसरून सांगतात, "आई बरोबर बोलते, हे शास्त्रात सिद्ध झालंय." आणि पंखा आपल्याकडे वळवून घेतात! मला एकच कळेना. त्या उंदरिणीला बरं वाटलं हे प्रयोगवाल्यांना कळलं कसं? कुणीतरी तिच्याकडे निरखून पाहिलं असेलच ना? आमची दिपाली तर चांगली मराठी बोलते, तिच्याकडे कोण बघतंय?

बघत होत्या, शेजारणी बघत होत्या! एकदा भाजीवाल्यानं काहीतरी चेष्टा केली, ही हसली. एवढंच, हसली. लगेच वरच्या मजल्यावरच्या सोनालीची आई, "एका बाटलीत पोरगी विसरली हो!" सासूबाई लगेच, "आतडं असावं लागतं. माझ्या किरणचं बघा, डॉक्टरचं औषध हरलं, पण पोराचं दुःख हटत नाही. हिचं वरवरचं होतं, पुसलं फडक्यानं." म्हणजे बघा हं, औषध लागू पडलं नाही ती भाऊजींची माया, आणि लागू पडलं तो हिचा कोरडेपणा! 

मग ठरलं. कुणी ठरवलं विचारू नका, आमच्याकडे असं आपोआप ठरतं. दिपालीचं सलाइन बंद. बरी झालीच आहे, बाईचं थोडक्यात भागतं! आणि दवाखान्यात बरोबर घरचं माणूस लागतं ना? मग हीच जाईल की! तुम्हाला सांगते, मी एकदा डबा द्यायला गेले, तर भाऊजी कॉटवर, सलाइन टिपटिप चाललेलं, आणि ही स्टुलावर त्यांच्या उलटीचं भांडं धरून बसलेली. शेजारची कॉट रिकामी. ही तिच्याकडे बघतेय. मला म्हणाली, "ताई, ते पुन्हा यायला लागलंय." मी म्हटलं, काय गं? "ते... काहीच न वाटणं."

मी घरी येऊन सांगितलं हो! सगळ्यांसमोर सांगितलं, डॉक्टर टिकत नाही म्हणाले होते, तिला परत सुरू करा. हे म्हणाले, "तू किती शिकलीस?" मी म्हटलं, दहावी. "मग भाजी वाढ." वाढली भाजी. आठवड्याभरात दूध पुन्हा उतू जायला लागलं, आणि सासूबाई जिंकल्या, "बघितलंत? खरं बरं वाटलेलं माणूस असं परत पडतं का? नाटक होतं सगळं!"

आणि इकडे भाऊजींना लागू पडलं! उशिरा का होईना, पडलं. चहा मागितला, दाढी केली, खात्यात गेले. सासूबाईंनी अख्ख्या बिल्डिंगला घारी वाटली, इकडची ती तुपातली मिठाई. पोरगी विसरला असं एकही तोंड बोललं नाही, घारी खाण्यात गुंतलेली सगळी. मला वाटलं, चला, आता हे तरी बायकोला घेऊन जातील, यांना तर माहीत आहे तो अंधार कसा असतो. मी म्हटलंसुद्धा, "भाऊजी, आता दिपालीला न्या ना." तर ते बशीतला चहा फुंकत काय म्हणाले? "वहिनी, मी आत्ता कुठे सावरलोय. ही अशी तोंड पाडून समोर बसली तर मी परत आजारी पडेन. हिला नंदुरबारला माहेरी पाठवा."

पाठवली. मीच स्टेशनवर गेले. गाडीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, ती तिनं धरलीच नाही, मांडीवर ठेवून द्यावी लागली. तिथे कुठला आलाय असा दवाखाना, आणि कोण नेणार तिला? गाडी हलली, तरी ती समोरच बघत होती.

घरी आले. भाऊजी जेवत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, आता तुमचा चेहरा का असा? तुम्हालाही पाठवायचं का माहेरी?"

आणि काय सांगू तुम्हाला... मी हसले. लगेच हसले! सुई नाही, सलाइन नाही, भूल नाही. एवढं झटपट लागू पडणारं औषध अजून त्या डॉक्टरकडेही आलेलं नाही.