हाइड पार्कातले डावीकडचे लोक

(लंडनजवळचं हाउन्सलो, मार्च २००४. रविवारची दुपार. निवृत्त डॉक्टर राजीव आणि त्यांची इथेच वाढलेली मुलगी ईरा जेवणाच्या टेबलाशी बसलेत. समोर अपघाती मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कोरोनरच्या, ऑफिसचा फॉर्म आणि ईराच्या आईने, डिसेंबरात वारलेल्या सुप्रभाने, रंगवलेली चित्रं.)

ईरा: आणि पोलिसांनी बेल वाजवली तेव्हा तुम्ही काय करत होता?

बाबा: बटाटे सोलत होतो. हेही लिहायचंय?

ईरा: टाइम लिहायचाय.

बाबा: चारला दहा कमी. अंधारून आलं होतं. दोघं होते, त्यातली एक पोरगी. तिने टोपी काढली आणि मला कळलं. हॉस्पिटलात मी कितीजणांना तसं सांगितलंय. म्हटलं, ये आत, बूट राहू दे. तिने आधी माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

ईरा: मला फोन साडेपाचला केलात.

बाबा: बटाटे संपवले आधी.

ईरा: बाबा.

बाबा: तू विचारलंस, मी सांगितलं.

ईरा: ओके. नेक्स्ट. तिची तब्येत, नजर, ऐकू येणं. काय लिहू?

बाबा: चांगली होती, लिही. बीपीची गोळी चालू होती.

ईरा: आणि नजर?

बाबा: सप्टेंबरात नवा चष्मा केला होता.

ईरा: तो बसस्टॉपवरचा विटनेस म्हणतो, तिने राइटला बघितलं, अर्धा रोड क्रॉस केला, आणि मग लेफ्टला मान वळवलीच नाही. ती कारची ड्रायव्हर पण सेम सांगते. म्हणते, त्या लेडीसाठी मी तिथे नव्हतेच.

बाबा: घाईत असेल.

ईरा: आई? आईने आयुष्यात एक बस धावत पकडली नाही.

बाबा: चांगली होती, लिही ना. आणि ती चित्रं उचल इथून, काहीतरी सांडेल त्यांच्यावर.

ईरा: मराठी मंडळाच्या सुचेताकाकूंना पाहिजेत, पाडव्याला हॉलमध्ये लावायला. हा चित्र बघा. लठ्ठ लॉर्ड, आणि त्याच्या खाली हा बिचारा बारका घोडा. आईने पेन्सिलने काय लिहिलंय? वाचा ना, मला तिचं अक्षर लागत नाही.

बाबा: ‘आमचे खजिनदार, घोड्याला न विचारता.’ मंडळाचा खजिनदार अजून माझ्याशी बोलत नाही.

ईरा: आणि ही पिसांच्या टोपीवाली सुचेताकाकू आहे ना?

बाबा: तिला सांगू नकोस. तिला वाटतं ती मंडळातलीच वैजयंतीमावशी आहे.

ईरा: क्रेझी लोक. नुसते नटून हाइड पार्कमध्ये घोडे फिरवायचे.

बाबा: म्हणून तर व्यंगचित्रकारांनी थट्टा केली त्यांची. दोनशे वर्षं झाली, लोक अजून करतायत. चित्रकलेच्या क्लासची बाई त्या जुन्या चित्रांची झेरॉक्स द्यायची, तुझी आई रंग भरायची. दर मंगळवारी थोडंथोडं, महिन्याला एक.

ईरा: मागे तारीख आहे प्रत्येकाच्या. मी ऑर्डरने लावते. जून फुल. जुलै फुल. ऑगस्टला ही कडेची बाई रंगवायची राहिली. सप्टेंबरला बाई आणि हे झाड.

बाबा: ईरा, ठेवून दे.

ईरा: ऑक्टोबरला तिघंजण राहिलेत.

बाबा: कंटाळली असेल.

ईरा: कंटाळा आला तर कुठेही सोडेल ना? हे सगळे लेफ्टचेच राहिलेत. आणि नोव्हेंबर बघा. घोड्याचं तोंड रंगवलंय, शेपटाकडचा अर्धा घोडा पांढरा. आणि खाली सही केलीय. संपलं म्हणून सही केलीय तिने. बाबा, तुम्ही बघत नाही आहात.

बाबा: बघितलीयत मी.

ईरा: कधी?

बाबा: चहा ठेवतेस का?

ईरा: कधी बघितलीत?

बाबा: चित्रं नंतर बघितली. आधी ताट. ताटातली डावी बाजू तशीच राहायला लागली. चटणी, कोशिंबीर, लोणचं. मला वाटलं बीपीसाठी सोडलंय. शाबासकी दिली तिला.

ईरा: मग?

बाबा: नऊ नोव्हेंबरला ती जेवताना पाणी आणायला उठली. मी तिचं ताट फिरवून ठेवलं. डावं उजवीकडे. ती येऊन बसली, चटणी बोटाने पुसून खाल्ली. मला म्हणाली, अहो, आज भाजी नाही केलीत?

ईरा: भाजी ताटात होती?

बाबा: होती. फरसबीची.

ईरा: तुम्ही हाडांचे डॉक्टर. तुम्हाला कसं कळणार...

बाबा: ताट फिरवायचं कळलं ना? मेंदूत उजवीकडे काहीतरी वाढत होतं, म्हणून डावीकडचं तिला जाणवत नव्हतं.

ईरा: मग स्कॅन का नाही केला?

बाबा: जानेवारीत पुण्याला तुझ्या मावशीच्या तनूचं लग्न होतं. मावशीने नऊवारी आणून ठेवली होती तिच्यासाठी. स्कॅन झाला असता तर पुढच्या आठवड्यात डोकं उघडलं असतं. म्हटलं, दोन महिने. लग्न बघून येऊ दे. फक्त एकटीला बाहेर सोडायचं नाही. महिनाभर सोडलं नाही. त्या दिवशी म्हणाली, कोथिंबीर घेऊन पाच मिनिटांत येते. माझे हात ओले होते.

ईरा: तिला सांगितलंत?

बाबा: नाही.

ईरा: आणि पोस्टमार्टेमला? तेव्हा तुम्ही म्हणालात, डोकं उघडू नका म्हणून रिक्वेस्ट केली.

बाबा: मार छातीला होता. त्यांनी ऐकलं. डॉक्टर म्हणून ऐकलं माझं.

ईरा: मला वाटलं माझ्यासाठी. मला तिचा चेहरा नीट बघता यावा म्हणून.

बाबा: तेही होतं.

ईरा: तेही.

बाबा: हो.

ईरा: त्या ड्रायव्हरला दोन मुलं आहेत. स्लाऊच्या वेअरहाऊसमधून शिफ्ट संपवून घरी चालली होती. तिने सॉरीचा पत्र पाठवला, तो तुम्ही न उघडता माझ्याकडे दिलात. कोरोनरच्या गुरुवारच्या चौकशीनंतर पोलीस ठरवणार तिच्यावर केस करायची की नाही. लायसन्स गेलं की जॉब गेला.

बाबा: माहीत आहे.

ईरा: तिला वाटतंय तिने आईला मारलं.

बाबा: माहीत आहे, ईरा.

ईरा: आणि मी इथे लिहिणार होते, नजर चांगली.

बाबा: तू नको लिहूस. पेन इकडे दे. आणि चित्रं पाकिटात घाल, लावलीस त्याच तारखेने. सुचेताला सांग, पाडव्याला दुसरं काहीतरी लावा.

ईरा: कोरोनरला देणार?

बाबा: दुसरं काही उरलेलं नाही तिचं, दाखवण्यासारखं.

ईरा: ते तुम्हाला विचारतील. तुम्हाला कधी कळलं ते विचारतील.

बाबा: विचारू देत. तू नीघ, ट्रेन चुकेल तुझी.

ईरा: उद्या जाईन. तुम्ही लिहा.

बाबा: बघत बसू नकोस अशी.

ईरा: नाही बघत. भांडी घासते.

बाबा: त्या पातेल्याला आधी पाणी घाल, चिकटलंय.

ईरा: घातलं. (भांडी घासून परत येते.) बाबा, अर्धा तास झाला. काय लिहिलंत?

बाबा: नाव. पत्ता. ‘मी डॉक्टर आहे.’ पुढचं अजून लिहिलेलं नाही.