सत्तेचाळीस नंबरचा रूल

— सत्तेचाळीस नंबर? तो सोडा हो मॅडम, पुढचा बघा. छे, लपवतोय कुठे! तुम्ही ऑडिटर, फायरवॉलचा एकेक रूल, कोणाला आत-बाहेर सोडायचं तो, उघडून बसलात, तुमच्यापासून काय लपणार? हे आपले वेशीवरचे सर्व्हर — मी असंच म्हणतो यांना. बाहेरच्यांनी विचारलं तर उत्तर द्यायचं, आपणहून वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणजे उद्या एखादा फितूर झाला तरी घरातलं काही बाहेर पोचवणार नाही. ही शिस्त लावली कोणी? मीच. आणि या सत्तेचाळीस नंबरने तिला भोक पाडलं कोणी? तेही मीच. रूलशेजारी ‘तात्पुरता, दोन दिवस’ — हो, वाचलंय मी, मीच लिहिलंय. सहा वर्षं झाली त्याला.

एक सर्व्हर दर पाच मिनिटांनी एका पत्त्यावर हाक मारतो, तिकडून ‘आहे’ एवढंच येतं. बस, शपथ. — पत्ता? मुलीच्या घरचं इंटरनेटचं खोकं. ती वेगळी राहायला गेली तेव्हा मीच बसवून दिलं. मग तिची आई गेली — आणि मी कुठे? आत, मशीनच्या खोलीत. फोन बाहेर कपाटात. आत फोन न्यायचा नाही, हाही माझाच नियम, काय सांगू तुम्हाला! अकरा वेळा लावला होता पोरीने. अकरा. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. म्हटलं, दोन दिवसांत राग निवळेल, तोवर निदान घरी आहे एवढं तरी कळू दे. खोकं बिचारं उत्तर देतं, त्याला काय माहीत कोण विचारतंय.

आज चौथा दिवस, उत्तर नाही. वीज गेली म्हणावं, तर चार दिवस? म्हणून म्हणतो, अजून दोन दिवस राहू द्या तो रूल. — काय? तुमच्या फोनवरून? नको नको, भलतंच — बरं, द्या. नंबर पाठ आहे. वाजतोय...

...

घ्या तुमचा फोन. नाही, बोललो नाही. ‘हॅलो, कोण?’ म्हणाली, दोनदा. आवाज घुमत होता, रिकाम्या घरात घुमतो तसा, आणि मागून कोणीतरी विचारत होतं, कपाट कुठल्या भिंतीला लावू. घर बदललंय तिने. बरी आहे. आवाज आईसारखा झालाय.

करा तो रूल बंद. तिथे आता कोणी राहत नाही. — आणि हे बघा, उलट फोन आला तर चुकून लागला म्हणा. माझं नाव नको. या आता, दार तेवढं ओढून घ्या.